एकच रुमाल

७ जुलै, सोमवार

सरकारी रजिस्टरात पोरांची वजनं लिहायची, उंची लिहायची, खिचडीचे तांदूळ लिहायचे. सेविकेच्या मनात काय चाललंय ते लिहायला रकाना नाही. म्हणून ही वही. आमचे हे, रामकिसन, एसटीतून रिटायर झाल्यापासून घरात बसून माझ्यावरच लक्ष ठेवतात. वही बघून म्हणाले, "झालं, आता संशय बी लेखी येणार."

आज सुपरवायझर मॅडम आल्या होत्या. चौसाळ्याच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये सगळ्यात चांगले फोटो आमच्या अंगणवाडीचे येतात म्हणाल्या. येणारच. रोज मोबाइलवर पोरांच्या हजेरीचा फोटो टाकावा लागतो आणि बाकीच्या सेविका शेंबडी पोरं तशीच उभी करतात. माझ्याकडे पोरगं दारात आलं की बायनाबाई, आमची मदतनीस, त्याला ओट्यावर उभं करते. मी रुमाल बादलीत बुडवून पिळते, तोंड, मान, हात खसाखसा पुसते आणि पावडरचा पफ दोन्ही गालांवर फिरवते. पहिल्यापासून शेवटच्या पोरापर्यंत एकच रुमाल.

हे मुद्दाम आहे. जूनमध्ये मतीन फळवाल्याची जिनत नवीन आली तेव्हा दोन-तीन बाया नाकं मुरडत होत्या. मी सगळ्यांदेखत आधी जिनतचं तोंड पुसलं आणि त्याच रुमालानं शिवशंकरचं, म्हणजे ग्रामपंचायत मेंबर बिभीषणच्या पोराचं. कुणाची बोलायची टाप झाली नाही. माझ्याकडे एकच रुमाल आणि एकच पावडर. ज्याला चालत नाही त्यानं आपलं पोरगं घरी ठेवावं.

१९ जुलै, शनिवार

शिवशंकर मामाकडून, गेवराईहून परत आला. मानेवर आणि कानाखाली बारीक पुटकुळ्या घेऊन आलाय. त्याची आई करिष्मा म्हणाली, "घामोळ्या हायेत बाई, मामाच्या घरी पंखाच न्हाई." गेवराईचा उकाडा मला माहीत आहे. मी पावडर जरा जास्तच चोपडली. पोरगं गोड आहे, पुसताना हसतं. बाकीची ओरडतात.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज जिनतचं तोंड पुसताना हात थांबला. डोळ्याखाली, गालावर दाणे. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, चकचकीत, आणि प्रत्येकाच्या मधोमध सुईनं टोचल्यासारखा खळगा. खाजवत नाही, रडत नाही, ताप नाही. असला प्रकार मी इतक्या वर्षांत बघितला नाही.

हीना, तिची आई, न्यायला आली तेव्हा विचारलं. "हे कधीपासून?"

"पंधराएक दिस झालं बाई. इथं आल्यावरच झालं. परळीला असताना कायी न्हवतं."

मी विचारलंच नव्हतं परळीचं. मग हिनं न विचारता परळीचं नाव कशाला काढलं? चोराच्या मनात चांदणं. परळीला वीजकेंद्राच्या राखेची हवा, हजार ठिकाणची माणसं. तिथून काय काय येत असेल कोण जाणे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

वस्तीतल्याच सुग्रीवच्या पोरीच्या हनुवटीवर दोन दाणे. तसेच, खळग्याचे. आणखी एका पोराच्या पापणीजवळ एक. म्हणजे पसरतंय.

बायनाबाईला म्हणाले, जिनतवर लक्ष ठेव, कुणाला हात लावते, कुणाच्या ताटात जेवते. ती भांडी घासता घासता म्हणाली, "शिवशंकरच्या मानंवर बी हायेत की. लई दिसापासून."

"त्या घामोळ्या आहेत."

"आता कुठलं घामोळं? पाऊस पडतुया." मग आपल्याशीच बोलल्यासारखं, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

मी तिला तांदूळ निवडायला बसवलं. बायनाबाईचं वय झालंय, नजर कमी झालीय. शिवाय ती हीनाच्या घराशेजारीच राहते. तिचं मत धरायचं कशाला?

२ सप्टेंबर, मंगळवार

आज माझं डोकं फिरलं.

जिनत आली ती फ्रॉकला सेफ्टी पिननं स्वतःचा रुमाल लावून. पिवळा, कडेला शिवण घातलेला. हीना दारात उभी. म्हणते, "बाई, हिला ह्याच रुमालानं पुसा. तुमचा रुमाल नको."

सगळ्या बायांदेखत! ज्या रुमालानं मी तिच्या पोरीला पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीला आणलं, तो आता हिला चालत नाही. मी विचारलं, कावून? आमच्या रुमालाचा विटाळ होतो का?

"तसं न्हाई बाई. बीडच्या डाक्टरनं सांगितलंय, रुमाल येगळा ठेवा. कायी घाबरायचं न्हाई म्हणले, आपोआप जातंय, फकस्त..."

म्हणजे डॉक्टरकडे जाऊन आली! आणि मला पत्ता नाही. मी विचारलं, डॉक्टरकडे गेलीस तेव्हा सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तेच सांगायला आलते." आज सांगायला आली, तीही रुमाल घेऊन. घाबरायचं नाही तर रुमाल वेगळा कशाला? आणि रुमाल वेगळा ठेवण्यासारखं आहे तर पोरगी इथे कशाला? दोन्हीपैकी एक खोटं आहे. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

पिन काढली, रुमाल तिच्या हातात दिला आणि जिनतचं तोंड माझ्या रुमालानं पुसलं. मुद्दाम दोनदा.

४ सप्टेंबर, गुरुवार

घरभेटीच्या नावाखाली हीनाच्या घरी गेले. मतीन हायवेवर गाड्यापाशी होता. घर स्वच्छ आहे. जरा जास्तच स्वच्छ. भिंतीला तीन खिळे आणि तीन खिळ्यांवर तीन टॉवेल. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा, पोरीचा वेगळा. तीन माणसांच्या घरात टॉवेल वाटून कोण घेतं? आमच्या घरी ह्यांच्या पंच्याला सगळं घर तोंड पुसतं, कुणाला काही झालं नाही.

हीनानं पपई कापून पुढे ठेवली. मी खाल्ली नाही. पोट भरलंय म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताटली उचलली. तिला कळलं बहुतेक. कळू दे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "टॉवेल येगळे ठेवणं हा गुन्हा हाय व्हय? तुझं नाव वनमाला न्हाई, सीआयडी ठेवायला पायजे होतं." ह्यांना काय जातंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

आता सात पोरांना आहे. सकाळी बिभीषण मोटारसायकल दारातच लावून आत आला. शिवशंकरच्या मानेवरच्या पुटकुळ्या आता गळ्यापर्यंत उतरल्यात आणि त्यांनाही मधोमध खळगा आहे. म्हणजे जिनतकडून आलं ते त्या घामोळ्यांतच मिसळलं.

"मॅडम, ते फळवाल्याचं बंद करा," बिभीषण म्हणाला. "उद्यापासून मला ती पोरगी इथं दिसली नाही पायजे. नसता मी वरपर्यंत जातो."

मला कुणी हुकूम केलेला खपत नाही. पण ह्या वेळी तो जे बोलला ते मीही ठरवलेलंच होतं. म्हणून हुकूम पाळल्यासारखं झालं नाही. निदान मला तसं वाटलं नाही.

हीना आली तेव्हा सगळ्या बायांदेखत जिनतची पाटी तिच्या हातात दिली. म्हणाले, "पोरीचा चेहरा साफ झाल्याशिवाय आणू नको. काय करायचं ते कर, पण साफ करून आण."

"बाई, डाक्टर म्हणले सा महिने, कधी वरीस बी लागतंय. तवर ती घरी बसंल? खिचडीच्या वासानं सकाळपासून नाचतीया ती."

"मग लवकर साफ कर."

जिनत आईच्या मागे उभी राहून हात दाखवत होती, हात धुतलेत म्हणून. मी आत आले. वाईट वाटलं, पण वीस पोरांचा विचार करायचा की एकीचा?

२३ सप्टेंबर, मंगळवार

जिनत येत नाही तरी आज आणखी दोघांना निघालं. हे कसं? आज कळलं, असं वाटलं. बायनाबाईच्या पिशवीत डबा सापडला. रोज जिनतची खिचडी नेऊन देते. म्हणजे ही तिच्या घरी जाते, तिला हात लावते, आणि येऊन माझ्या पोरांना ओट्यावर उभं करते!

मी लई बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ते आता लिहिताना कळतंय. बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिच्या वाटणीचा शिधा येतुया, म्हून नेती. आन मला एक सांगा, माझ्या हाताला हाय का एक तरी दाणा? न्हाई ना. पोरगी घरी बसलीया. मग ह्या पोरांला देतंय कोण?"

दुपारभर तेच डोक्यात. टाकीचं पाणी म्हणावं तर घरोघरी तेच पाणी आहे. शेवटी लक्षात आलं. पावडर! आठवडी बाजारातून नवीन डबा आणलाय, स्वस्तातला. भेसळ असणार. दुकानदार तेव्हाच डोळ्याला डोळा देत नव्हता. डबा उकिरड्यावर रिकामा केला आणि चौसाळ्यातून चांगल्या कंपनीची आणायला लावली. पफ चांगला होता, तो तसाच ठेवला.

३० सप्टेंबर, मंगळवार

हायवेवर मतीनचा गाडा दिसला. सीताफळं रचलेली आणि बाजूला पाटावर जिनत. अर्ध्या तोंडावर ओढणी गुंडाळलेली. मी हाक मारली तर गाड्याखाली शिरली. मतीननं वर बघितलं नाही, सीताफळं वर-खाली करत राहिला. एरवी "बाई, डोळे उघडलेलं घ्या, आजच खाण्यासारखं" म्हणून मागे लागतो.

ओढणी कशाला? नक्कीच वाढलं असणार. बरं झालं बंद केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पोरांच्या तपासणीचं पथक आलं. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, हाताला घड्याळ नाही, केस कापलेले. मी मनात म्हणाले, हिला काय कळणार.

तिनं सुग्रीवच्या पोरीची हनुवटी वर केली आणि लगेच म्हणाली, "मोलस्कम. विषाणूचा त्वचेचा आजार आहे. लहान मुलांना होतो, स्पर्शातून, एकमेकांच्या टॉवेल-कपड्यांतून पसरतो. घाबरू नका, काही महिन्यांत आपोआप जातो. फोडायचा नाही, खरवडायचा नाही. मुलांना घरी ठेवायचीही गरज नाही." मग मला विचारलं, "सगळ्यांच्या तोंडावरच जास्त आहे. तोंड कशानं पुसता?"

मी दाखवलं. अजून अभिमानानंच दाखवलं, हे लिहिताना कान तापतात. बादली, रुमाल, पफ. तिनं रुमाल दोन बोटांनी उचलला.

"सगळ्यांना हाच?"

"हो."

तिनं रुमाल परत बादलीत सोडला. मग अगदी सावकाश म्हणाली, "ताई, हा आजार कुणी आणला ते शोधू नका. तो कुठूनही येतो. पण घरोघरी वाटला ह्यानं." बायनाबाई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिनं मागे वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनं पटावरची सगळी पोरं हवीत म्हणून सांगितलं. बायनाबाई जिनतला आणायला गेली. हीना आली. ओढणी सोडली.

दाणे नव्हते. डोळ्याखालपासून गालापर्यंत कातडं भाजल्यासारखं, मधे ओलं, कडेला काळी खपली. पोरीची पापणी पूर्ण मिटत नव्हती.

"हे काय केलं?" मॅडमनं विचारलं.

"चुना आन सोडा कालवून लावला," हीना म्हणाली. "चामखीळ जाळायला लावत्यात, तसा."

डॉक्टर मॅडम ओरडल्याच. डोळ्यात गेलं असतं तर? जे आपोआप जाणार होतं, बहुतेक डागही न ठेवता, त्याला जाळलं? हा व्रण आता राहणार. "कुणी सांगितलं हे करायला?"

हीनानं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाची कड धरली होती.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "माझं मीच केलं."

९ ऑक्टोबर, गुरुवार

रुमाल उकळला, मग चुलीत घातला. पफही घातला. बादली उन्हात पालथी ठेवली. पोरांना सांगितलं, उद्यापासून ज्यानं त्यानं आपापला रुमाल आणायचा. जिनतला बीडच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला बायनाबाई हीनाबरोबर गेली. मी जाते म्हणाले तर हीना म्हणाली, नको.

डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. हीनानं माझं नाव का घेतलं नाही? समोर डॉक्टर होती, पथकाचे लोक होते. एक शब्द बोलली असती तर माझी सेविकेची नोकरी धोक्यात आली असती. पोरीचं तोंड जाळायला लावणाऱ्या बाईवर कोण दया करतं? काहीतरी डाव असणार. आज गप्प बसायचं आणि उद्या बिभीषणसमोर बोलायचं, किंवा पेपरवाल्यांना बोलवायचं. मी असते तर तेच केलं असतं.

ह्यांना बोलून दाखवलं. हे कधी माझ्यावर चिडत नाहीत. आज ताटावरून उठले. "आता तरी तिला सोड की," म्हणाले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

राहवलं नाही. हीनाच्या घरी गेले. जिनत खाटेवर झोपली होती, गालावर मलमाची पट्टी. हीना ज्वारी पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी उंबऱ्यापाशीच उभी राहिले.

"मॅडमला माझं नाव का सांगितलं नाहीस?"

ती पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"तुमचं नाव घेतलं असतं, बाई, तर तुमी जिनतला परत घेतलं असतं का?"

मी तोंड उघडलं. घेतलं असतं, असं म्हणायचं होतं. आलं नाही. कारण मला खरंच माहीत नाही. नसतं घेतलं, असंच वाटतंय. काहीतरी कारण शोधलं असतं.

तिच्या मनात डाव नव्हता, माफीही नव्हती. पोरीला शाळेत पाठवायचंय, आणि वस्तीवरची अंगणवाडी एकच आहे, आणि त्या अंगणवाडीच्या दारात मी बसलेय. इतका सरळ हिशोब होता आणि मी रात्रभर त्यात कट शोधत होते. मला त्या घरात उभं राहायची लाज वाटली.

"सोमवारी आण तिला," मी म्हणाले.

"मी न्हाई आणणार. तुमी घेऊन जा. वस्तीतून, समद्यांच्या देखत. घालवलं बी तसंच होतं."

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी गेले. जिनतनं बोट धरलं नाही, फ्रॉकच्या खिशात हात घालून बाजूनं चालली. खिशात पिवळा रुमाल. रस्ता बिभीषणच्या दारावरून जातो, दुसरा नाही. करिष्मा अंगण झाडत होती. झाडू थांबला. "बाई, हिला परत?"

मी तिथेच सांगितलं. हळू आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मग पुन्हा कधी सांगितलं नसतं. म्हणाले, "जिनतनं कुणाला दिलं नाही. तुझ्या शिवशंकरला आधी होतं. त्यानंही मुद्दाम दिलं नाही. सगळ्यांना दिलं ते मी, माझ्या रुमालानं. आणि हिचा गाल भाजला तोही माझ्या बोलण्यानं." शेजारच्या दोघी बाहेर आल्या होत्या. बिभीषण दात घासत होता, चूळ भरायची विसरला.

हे बोललं की मोकळं वाटतं असं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

अंगणवाडी उघडली. बायनाबाईनं खिचडी टाकली. आम्ही वाट बघितली. शिवशंकर आला नाही. सुग्रीवची पोरगी आली नाही. एक आई पोराला घेऊन फाटकापर्यंत आली, माझ्या हातांकडे बघितलं आणि मागे फिरली. ती नजर मला ओळखीची होती. मीच गेला दीड महिना तसं बघत होते.

सतरंजीवर जिनत एकटी. बायनाबाईनं ताट वाढलं तरी तिनं घास घेतला नाही. भाजलेला गाल भिंतीकडे करून बसली आणि विचारलं, "बाई, समदे माज्यामुळं न्हाई आले का?"

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "नाही गं. माझ्यामुळं आले नाहीत."

तिला ते पटलं नाही. ताट मांडीवर घेऊन ती दाराकडे बघत बसली.